इन्सुलिन कमी लागू लागलं, ते कशामुळे? नाशिकमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या रुग्णाला आपण काका म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ६२, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त, राहायला इंदिरानगरला. मधुमेह १८ वर्षांचा, रक्तदाब त्यामागून आलेला. गेली ५ वर्षं ३०/७० चं मिश्र (लवकर आणि सावकाश काम करणारं एकत्र केलेलं) इन्सुलिन चालू होतं, सकाळी ३० युनिट आणि रात्री २०. जोडीला साखरेच्या दोन गोळ्या, मेटफॉर्मिन आणि सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइडची २ मिलिग्रॅमची गोळी, आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉल.

इंजेक्शन काकू द्यायच्या आणि हिशेबही त्याच ठेवायच्या. एकरेघी वही, निळ्या शाईत साखर, लाल शाईत युनिट. नंतर ही वही आम्हाला सगळ्या रिपोर्टांपेक्षा जास्त उपयोगी पडली, कारण आठ महिन्यांत काय घडत गेलं ते त्या लाल आकड्यांत सरळ दिसत होतं. ३०–२० चे २६–१८ झाले, पुढे २२–१४. प्रत्येक बदलाच्या आधी समासात काकूंची एक ओळ असायची: "दुपारी ६२. घाम. हातपाय गळाले." फॅमिली डॉक्टर दर वेळी डोस उतरवत होते आणि साखर अशी पडत असताना डोस उतरवणं बरोबरच होतं.

घरच्यांना यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. काका रोज जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारत होते, कारल्याचा रस चालू होता, गोडाला हात लावत नव्हते. इतक्या वर्षांच्या पथ्याला फळ आलं असंच सगळे म्हणत होते. दर महिन्याला लॅबमध्ये उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासली जायची. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी दोन वर्षांपूर्वी केली होती, तेव्हा १.४ आलं होतं. नंतर चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, पण "साखर तर छान आहे" म्हणून ते पुढे ढकललं गेलं.

आणखी काही गोष्टी घडत होत्या, पण त्यांची नोंद वहीत नव्हती. संध्याकाळी पायांवर मोज्याची खूण उमटायची. जेवणावरची वासना उडाली होती. अंगाला खाज सुटायची. लघवीला फेस यायचा. या तक्रारी काकूंना माहीत होत्या, फक्त साखरेशी त्यांचा संबंध असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

त्या सोमवारी काय झालं

श्रावणी सोमवार होता. काकांनी उपवास धरला. सकाळी सातला नेहमीप्रमाणे गोळी आणि २२ युनिट इन्सुलिन घेतलं, वर चहा आणि वाटीभर भगर. मग पंचवटीत कपालेश्वराच्या दर्शनाच्या रांगेत बराच वेळ उभे राहिले. संध्याकाळी घरी आल्यावर खुर्चीत बसले ते बोलेचनात. विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देऊ लागले. काकूंनी पाठीला हात लावला तर बनियन पिळून काढावं इतकं ओलं. मीटरवर साखर ३८.

साखरेचं पाणी दिल्यावर ते पंधरा-वीस मिनिटांत भानावर आले. उपवास सोडला, वरणभात खाल्ला. रात्री मीटरने २१० दाखवले. तो आकडा पाहून काकूंनी लिहून दिल्याप्रमाणे रात्रीचे १४ युनिट दिले. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच केलं असतं, कारण मीटरवर साखर जास्त दिसत होती आणि कागदावर डोस लिहिलेला होता.

पहाटे तीनच्या सुमारास काका घोरल्यासारखा आवाज करू लागले आणि उठवलं तरी उठेनात. मीटरच्या पट्ट्या संपल्या होत्या. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना आमच्या रुग्णालयात आणलं.

घामाने डबडबलेला, बेशुद्ध माणूस कॅज्युअल्टीत आला की नाशिकच्या डॉक्टरांच्या मनात आणखी एक शक्यता येतेच: फवारणीच्या औषधाची विषबाधा. निफाड-दिंडोरी भागातून असे रुग्ण येत असतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं ॲसिटिलकोलिनेस्टरेज या एन्झाइमला निकामी करतात. नसांच्या टोकाशी सुटलेलं ॲसिटिलकोलिन एरवी मिलिसेकंदाच्या आसपास मोडलं जातं. ते मोडलं गेलं नाही की घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, मंद नाडी असं चित्र उभं राहतं. काकांच्या बाहुल्या नेहमीच्या आकाराच्या होत्या, तोंडाला लाळ नव्हती. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी या विचारात वेळ न घालवता आधी बोटाला सुई टोचली. साखर २७. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिलिलिटर गेल्यावर काकांनी डोळे उघडले आणि "काय झालं?" असं विचारलं.

मूळ प्रश्न: इन्सुलिन जातं कुठे?

इथे नातेवाइकांच्या दृष्टीने प्रश्न संपला होता. उपवास केला, इन्सुलिन घेतलं, साखर पडली, ग्लुकोज दिलं, शुद्ध आली. सकाळी घरी न्यायचं, असं मुलगा फोनवर पुण्याहून सांगत होता. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता की त्यांना घरी सोडायचं नाही. कारण उपवासाने फक्त त्या दिवशीचं उत्तर मिळत होतं. आठ महिन्यांत ५० युनिटांवरून ३६ वर का यावं लागलं, याचं उत्तर त्यात नव्हतं.

इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांची दोन साखळ्यांत गुंफलेली माळ. रक्तात तिचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मी माळ संपायला लागणारा वेळ, जेमतेम ४ ते ६ मिनिटांचं असतं. शरीराला ही घाई लागतेच, कारण जेवण संपल्यावर इन्सुलिनचा हुकूम चालूच राहिला तर मेंदूची साखर तोडली जाईल. ही मोडतोड मुख्यतः दोन ठिकाणी होते. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन पोर्टल शिरेने थेट यकृतात जातं आणि त्यातलं साधारण निम्मं पहिल्याच फेरीत तिथे संपतं. यकृताच्या पेशी ते ज्याला चिकटतं त्या रिसेप्टरसकट आत ओढून घेतात आणि तिथे इन्सुलिन-डिग्रेडिंग एन्झाइमसारखी एन्झाइमं त्याचे तुकडे करतात. हे एन्झाइम 'इन्सुलिनेज' या नावाने १९४९ मध्येच वर्णन केलं गेलं होतं.

टोचलेल्या इन्सुलिनची वाट मात्र निराळी. ते पोटाच्या कातडीखालून सरळ सर्वांगाच्या रक्तात मिसळतं, यकृताची पहिली फेरी त्याला लागतच नाही. त्यामुळे त्याच्या विल्हेवाटीत मूत्रपिंडाचा वाटा मोठा असतो. गाळणीतून उतरलेलं इन्सुलिन लगतच्या नळीच्या पेशी जवळजवळ सगळं उचलतात आणि लायसोसोम या पेशीतल्या पाचक पिशव्यांमध्ये त्याची अमिनो आम्लं करून रक्तात परत देतात. लघवीत १ टक्क्याहूनही कमी जातं. म्हणजे मूत्रपिंड इन्सुलिन बाहेर टाकत नाही, ते मोडून टाकतं. गाळण्या कमी होऊ लागल्या तरी नळीच्या पेशी भोवतालच्या रक्तातून इन्सुलिन उचलून बराच काळ निभावून नेतात. गाळणीचा वेग, म्हणजे मूत्रपिंड दर मिनिटाला किती गाळतं तो आकडा, २० मिलिलिटरच्या आसपास घसरला की तेही जमेनासं होतं आणि तेवढ्याच युनिटांचा अंमल जास्त वेळ, जास्त जोराने चालू राहतो.

गंगापूर धरणाची पातळी आवक आणि विसर्ग या दोहोंवर ठरते हे ऑगस्टमध्ये नाशिककरांना सांगावं लागत नाही. रक्तातल्या हार्मोनचंही तसंच आहे. काकांच्या बाबतीत सगळ्यांचं लक्ष आवकीवर होतं: किती युनिट, कोणती गोळी, किती कारलं. विसर्ग बंद होत चालला होता तिकडे कुणी पाहिलं नव्हतं.

हे काही नवं ज्ञान नाही. मधुमेहाने मूत्रपिंड खराब झालेल्या रुग्णांचा मधुमेह 'सुधारल्यासारखा' दिसतो, हे १९५१ मध्येच अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं गेलं आहे. तरीही रोजच्या व्यवहारात इन्सुलिन कमी लागणं ही शाबासकीची गोष्ट मानली जाते. हे मला फार खटकतं.

सकाळी रिपोर्ट आले. क्रिएटिनिन ३.६, म्हणजे गाळणीचा अंदाजे वेग १८. युरिया ९८, पोटॅशियम ५.४, हिमोग्लोबिन ९.२, लघवीत प्रथिनं तीन प्लस. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज देणारं एचबीए१सी ६.०. हा शेवटचा आकडा घरच्यांनी अभिमानाने वाचला, पण तोही फसवा होता. मूत्रपिंडाच्या आजारात लाल पेशींचं आयुष्य घटतं. पेशी साखरेत मुरायला वेळच कमी मिळाला की एचबीए१सी खोटंच कमी दिसतं.

समोरचे पर्याय

नऊ वाजता साखर पुन्हा ५४ वर आली, हातात डेक्स्ट्रोजची सलाइन चालू असताना. तेव्हा घरी जाण्याचा विषय आपोआप मागे पडला. पुढचे निर्णय असे समोर आले.

पहिला, आत्ताची साखर कशी टिकवायची. ५ टक्के डेक्स्ट्रोज भरपूर देता आलं असतं, पण पायावर सूज असलेल्या, लघवी कमी होत असलेल्या माणसाला इतकं पाणी देणं धोक्याचं. १० टक्के द्रावण सावकाश दिलं तर तेवढीच साखर निम्म्या पाण्यात जाते. दुसरी सोय ऑक्ट्रिओटाइडची. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, त्याचं एक सक्रिय रूप मूत्रपिंडावाटे जायचं ते साठून राहतं, आणि आपण दिलेल्या ग्लुकोजने स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. ऑक्ट्रिओटाइड ते सोडणंच थांबवतं. ते मूळच्या सोमॅटोस्टॅटिनची नक्कल आहे. मूळ हार्मोन दोन-तीन मिनिटांत मोडतं. ही आठ अमिनो आम्लांची नक्कल एन्झाइमांना दाद देत नाही, म्हणून दीड तासाहून जास्त टिकते.

दुसरा, आणखी काही कारण शोधायचं का. यकृत बिघडलं तरी साखर पडते, कॉर्टिसॉल हे हार्मोन कमी असलं तरी पडते, छुपा जंतुसंसर्ग असला तरी. इन्सुलिन सोडणाऱ्या गाठीची शक्यता निघाली, कारण मुलाने ती वाचली होती. त्यासाठी सी-पेप्टाइड करायचं का यावर आम्ही थोडा वेळ घालवला. सी-पेप्टाइड स्वादुपिंडातून इन्सुलिनच्या जोडीने निघतं, पण यकृत त्याला हात लावत नाही, ते मूत्रपिंडच काढतं. मूत्रपिंड निकामी असताना ते वाढलेलंच येणार आणि त्यात गोळीचा परिणाम. त्या आकड्यातून काही ठरवता आलं नसतं, म्हणून तो खर्च टाळला.

तिसरा आणि अवघड निर्णय पुढच्या औषधांचा. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही बंद करायचं यावर दुमत नव्हतं. इन्सुलिन पूर्ण बंद करावं, असं काकूंचं म्हणणं होतं. त्यांना आता सुईचीच धास्ती बसली होती. तोच मिश्र डोस निम्मा करावा, हा दुसरा मार्ग. तिसरा मार्ग मिश्र इन्सुलिन सोडून एकच थोडं बेसल, म्हणजे दिवसभर सावकाश काम करणारं, इन्सुलिन देण्याचा. मिश्र इन्सुलिनची अडचण अशी की त्याचा जोर ठरलेल्या वेळी येतो, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाची भूक मात्र ठरलेल्या वेळी येत नाही.

काय केलं

१० टक्के डेक्स्ट्रोज सावकाश चालू ठेवलं, दर तासाला साखर पाहिली. ऑक्ट्रिओटाइड आणून ठेवलं, ते वापरावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर साखर आपली आपण १२०च्या वर राहू लागली. इतका वेळ लागला यावरूनच मोडतोड किती मंदावली होती हे कळतं. यकृताच्या चाचण्या आणि सकाळचं कॉर्टिसॉल ठीक होतं. सोनोग्राफीत मूत्रपिंडं आकाराने नेहमीसारखी, पण पांढुरकी दिसली. आकार नेहमीचा आहे म्हणून नातेवाईक सुखावले, त्यांना सांगावं लागलं की मधुमेहात मूत्रपिंड बरेचदा आक्रसत नाही.

इन्सुलिन दोन दिवस पूर्ण थांबवलं. आम्हाला पाहायचं होतं की शरीराला त्याची गरज खरोखर उरली आहे का. तिसऱ्या दिवशी साखर २४०–२६० वर गेली, म्हणजे गरज होती. मग ग्लार्जिन या बेसल इन्सुलिनचे ८ युनिट सकाळी सुरू केले. रात्रीऐवजी सकाळ निवडली, कारण साखर पडलीच तर ती घरातली माणसं जागी असताना पडावी.

सोबत लिनाग्लिप्टिन ५ मिलिग्रॅम. याची निवडही मोडतोडीच्याच हिशेबाने झाली. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, ते साखर जास्त असेल तेव्हाच इन्सुलिन वाढवतं. डीपीपी-४ हे एन्झाइम त्याला साधारण दोन मिनिटांत निकामी करतं. लिनाग्लिप्टिन त्या एन्झाइमला अडवतं. या गटातल्या सिटाग्लिप्टिनसारख्या औषधांचा डोस मूत्रपिंडाप्रमाणे कमी करावा लागतो. लिनाग्लिप्टिन बहुतांशी पित्तावाटे जातं, त्यामुळे डोस तोच राहतो.

मेटोप्रोलॉलवर वेगळी चर्चा झाली. साखर पडली की शरीर ॲड्रिनलिन सोडतं, धडधड आणि थरथर त्याची. तेही काही मिनिटांत पेशींत ओढलं जातं आणि सीओएमटी, एमएओ या एन्झाइमांच्या हाती संपतं. इतकी वर्षं मधुमेह आणि वरचेवर साखर पडणं, यामुळे हा इशारा आधीच क्षीण होतो. मेटोप्रोलॉलसारखा बीटा-ब्लॉकर उरलीसुरली धडधडही झाकतो. घाम तेवढा झाकला जात नाही, कारण घामाच्या ग्रंथींना निरोप ॲसिटिलकोलिनचा जातो. काकूंच्या वहीत धडधडीचा उल्लेख एकदाही नाही आणि घामाचा प्रत्येक वेळी आहे, याचा उलगडा तिथे झाला. हृदयाचं दुसरं कारण नव्हतं म्हणून मेटोप्रोलॉल टप्प्याटप्प्याने कमी करून थांबवलं आणि बीपीला ॲम्लोडिपिन दिलं.

घरी सोडण्याआधी काकूंबरोबर बसून वहीत तीन गोष्टी लिहिल्या. घाम आला, बोलणं असंबद्ध वाटलं की आधी मीटर. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मीटर. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. संत्र्याचा रस किंवा नारळपाणी देऊ नये, पोटॅशियम वाढतं, हेही सांगितलं. उपवासाचं बोलणं जरा लांबलं. बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळं, खजूर हा सगळा उपवासाचा फराळ पोटॅशियमने भरलेला. शिवाय बराच वेळ उपाशी राहिलं की यकृताबरोबर मूत्रपिंडही थोडी साखर तयार करून देतं, तो आधारही काकांचा गेलेला. "मग देवाला काय सांगू?" असं काकांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "तुमचा सोमवार मी धरते."

पुढे काय झालं

तीन महिन्यांत साखर एकदाही ७० च्या खाली गेली नाही. उपाशीपोटी १३० ते १६० अशी राहिली. त्याहून खाली आणायचा हट्ट आम्ही धरला नाही. एचबीए१सीवर भरवसा न ठेवता वहीतल्या निळ्या आकड्यांवरच निर्णय घेतले.

मूत्रपिंड मात्र सुधारलं नाही, सुधारणार नव्हतंच. क्रिएटिनिन ३.४ ते ३.९ मध्ये फिरत राहिलं. मूत्रपिंडतज्ज्ञांनी डाव्या हाताची शीर राखून ठेवायला सांगितली, त्या हाताला सुई लावायची नाही. वर्षभराने त्याच हातात पुढच्या डायलिसिससाठी फिस्टुला केला, म्हणजे शीर धमनीला जोडली. डायलिसिस अजून सुरू नाही. ग्लार्जिन आता ६ युनिटांवर आलं आहे आणि या वेळी ते कमी झालं तेव्हा काकूंनी आधी विचारलं, "क्रिएटिनिन किती आलं?"

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिली संधी आठ महिन्यांपूर्वी होती, लाल आकडा पहिल्यांदा उतरला तेव्हा. खाणं तेच, वजन तेच, चालणं तेच आणि तरी इन्सुलिन कमी लागतंय, तर डोस उतरवण्याच्या बरोबरीने क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन त्याच दिवशी व्हायला हवं. कमी डोसवरचा रुग्ण सुरक्षित वाटतो, पण गाळणीचा वेग २० खाली असताना ३६ युनिट जास्तच होते. साधारण नियम असा सांगितला जातो की वेग १० ते ५० च्या दरम्यान असेल तर एकूण इन्सुलिन पाव हिश्श्याने आणि १० च्या खाली निम्म्याने कमी करावं. काकांच्या बाबतीत तेवढी कपात पडत्या साखरेने आधीच करवून घेतली होती, पण ग्लिमेपिराइड तसंच चालू होतं. ते तेव्हा थांबलं असतं तर ही रात्र बहुधा आलीच नसती.

दुसरी संधी त्या संध्याकाळी. साखर ३८ वर जाऊन आली असेल तर त्या रात्री लिहिलेला डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं, एवढं वाक्य डिस्चार्ज कार्डावर किंवा इन्सुलिनच्या चिठ्ठीवर छापलेलं असायला हवं. २१० हा आकडा साखरेच्या पाण्याचा आणि वरणभाताचा होता. सकाळचं इन्सुलिन आणि गोळी तेव्हाही रक्तात होती.

तिसरी गोष्ट लॅबच्या चिठ्ठीची. मधुमेहाच्या मासिक तपासणीत फक्त साखर होते आणि क्रिएटिनिनसाठी वेगळे पैसे पडतात, म्हणून ते राहून जातं. आम्ही आता इन्सुलिनवर असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर, युनिटांच्या रकान्याशेजारी, गाळणीच्या वेगाचा आणि तपासणीच्या तारखेचा रकाना आखला आहे. तारीख सहा महिन्यांहून जुनी असेल तर डोस बदलण्याआधी ती तपासणी होते.